दिगूची खुर्ची

दिगू गेल्याचा निरोप आला तेव्हा मी त्याच्याशीच भांडत होतो, मनातल्या मनात. सकाळी डॉक्टरकडे जायचं ठरलं होतं, मी चपला घालून ओट्यावर उभा, आणि स्वारीचा पत्ता नाही. दम्याचं औषध वेळेवर घ्यायचं नाही, थंडीत छापखान्यात जाऊन बसायचं आणि वर ‘नाना, तू फार चिडतोस’ हे मलाच ऐकवायचं! शेवटी आला तो त्याचा पुतण्या. तो काही बोलायच्या आत मी त्याच्यावरच ओरडलो. पोरगा नुसता उभा राहिला... मग मला कळलं.

आमच्या पनवेलात दिगूचं साप्ताहिक होतं. चार पानं, एक जुनं यंत्र, खिळे जुळवणारा एक जुळारी आणि फुकट प्रुफं तपासणारा मी. वाचणारे मात्र भरपूर, कारण एक अंक अख्ख्या गावाला पुरे. आसपासच्या खेड्यांत रविवारी देवळाच्या कट्ट्यावर कुणीतरी तो मोठ्याने वाचायचा आणि पेपरात आलं म्हणजे ती काळ्या दगडावरची रेघ. हे दिगूला ठाऊक होतं. तरी त्याने तो उद्योग केलाच.

कॉलेजचा हुतूतूचा संघ त्या वर्षांत ढालीमागून ढाली जिंकत होता. संघाचे सर म्हणजे गावाचं दैवत. त्यांचं नाव मी लिहिणार नाही. ते पुन्हा छापून यावं अशी माझी मुळीच इच्छा नाही. दिगूने त्यांच्यावर एक झकास मजकूर लिहिला होता. ‘वरून फणसासारखे काटेरी, आत गऱ्यासारखे गोड’ वगैरे. तो इतका आवडला की जुळलेले खिळे परत खणात टाकायचेच नाहीत असं ठरलं. सामना जिंकला की फक्त हरलेल्या संघाचं नाव बदलायचं, बाकी मजकूर तोच. लिहिण्याचे कष्ट नाहीत, जुळणीचे नाहीत आणि मैदानावर जाऊन बघण्याचे तर नाहीतच!

मैदानावर काय चाललं होतं? पकड सुटली की ओल्या दोरखंडाचे फटके. हरलेल्या पोरांना सामन्यानंतर पाणी बंद. संघातल्या, विचुंबे गावच्या काशिनाथने एकदा न विचारता हंड्याला हात लावला, तर सरांनी त्याच्या कानशिलात अशी भडकावली की डावा कान कायमचा गेला. आणि त्याच आठवड्यात आमच्या अंकात फणस आणि गरे!

काशिनाथची आई, हिरूबाई, तो अंक घेऊन छापखान्यात आली. बसा म्हटलं तर बसली नाही.

“तुमीच लिवलं ना, सर देवमानूस हाय म्हनून? आता माज्या पोराला समदा गाव खोटारडा म्हनतो. पेपरात हाय ते खोटं, न तुजा कान खरा काय, असं इचारतात त्याला.”

दिगूचा चेहरा पांढराफटक पडला. मला वाटलं, हा पुढच्याच अंकात आग ओकणार. छे! हा गृहस्थ इतर पोरांना भेटत बसला, डॉक्टरांना भेटला, वर सरांचीही बाजू ऐकायला गेला. “आईबाप मारत नाहीत का?” असं सर म्हणाले, तेही त्याने जसंच्या तसं लिहून आणलं. मी नुसता धुमसत होतो. “एकदा न बघता छापलं, नाना. आता बघितल्याशिवाय नाही,” एवढंच त्याचं उत्तर. अखेर फणसाच्याच जागी, पहिल्या पानावर, सगळं छापलं. खाली स्वतःच्या नावाने आपली चूकही.

मग काय झालं? बाजारपेठेत लोक आम्हालाच ओळख देईनात. गावाची अब्रू घालवली म्हणे! पोराचा कान गेला तेव्हा ही अब्रू कुठे होती? कॉलेजने ‘गैरसमज’ हा शब्द वापरला आणि सरांना शाल-श्रीफळ देऊन निरोप दिला. ते दुसऱ्या गावी रुजू झाले. तिथल्या वर्तमानपत्राने त्यांचा हार घातलेला फोटो छापला. दिगूने त्या संपादकांना आपला अंक पाठवला. उत्तर नाही. आजही आठवलं की माझं डोकं तडकतं.

आणि विचुंब्यात तो अंक कट्ट्यावर कुणी वाचलाच नाही. “छापलंस ना? सुटलास,” मी म्हणालो. “छापलं, पण ऐकलं कुणी?” म्हणत हा दमेकरी सायकलवर टांग टाकून निघाला. मी मागून, शिव्या घालत. कट्ट्यावर उभं राहून त्याने आधी फणसाचा मजकूर वाचला, मग नवा. मध्ये मध्ये खोकला. एक म्हातारा ओरडला, “ओ पेपरवाले, यातला खोटा कंचा?”

“पहिला,” दिगू म्हणाला. “मी न बघता लिहिला होता. काशिनाथ खरं बोलतोय.”

हिरूबाईने तांब्याभर पाणी आणून दिगूपुढे धरलं. म्हातारा सरकला आणि त्याने काशिनाथला कट्ट्यावर शेजारी बसवून घेतलं.

पुढे काशिनाथ बाजाराला आला की छापखान्यात डोकवायचा. तो आला रे आला की दिगू आपली जड लाकडी खुर्ची खरडत टेबलाच्या पलीकडे न्यायचा. त्या कर्कश आवाजाने माझ्या अंगावर काटा यायचा. फरशीवर चरे पडले. “बूड एका जागी ठेवता येत नाही का तुला?” मी करवादायचो. तो हसायचा, कारण काही सांगायचा नाही.

तेराव्यानंतर मी छापखाना आवरायला गेलो. काशिनाथ आला, नेहमीच्या बाकावर बसला. मी दिगूच्या खुर्चीत बसून पुतण्याच्या, डॉक्टरांच्या, सगळ्या गावाच्या तक्रारी सांगत सुटलो. काशिनाथ सारखा मान वळवत होता, कपाळाला आठ्या घालून. मला वाटलं, यालाही माझा कंटाळा आला.

“नाना, रागावू नका,” तो शेवटी म्हणाला. “या बाजून मना ऐकू येत नाय. काका त्या अंगाला बसायचे.”

मी खाली फरशीवरच्या चऱ्यांकडे बघितलं. मग उठलो आणि ती जड खुर्ची खरडत त्याच्या उजव्या हाताला नेली.