जास्तीचा अंगठा

ताईचं बाळंतपण कवठ्याला आमच्याकडेच झालं. मुलगी झाली. तिच्या दोन्ही हातांना एकेक अंगठा जास्तीचा होता. बारशाला यवतहून ताईची सासू आली. बाळाचे हात उलटेपालटे करून म्हणाली, "आमच्या घराण्यात असलं कवा झालं न्हाई. माहेरचं रक्त हाय ह्ये." त्यानंतर आठ महिने ताईला न्यायला कुणी आलं नाही.

मी तेव्हा पुण्यात एम.एस्सी. करत होते. त्याच वर्षी आम्हाला शिकवलं होतं, की अशा हातांत बोटं घडवणारं जनुक बहुतेकदा धडच असतं. ते कुठं चालू व्हायचं हे ठरवणारा डीएनएचा तुकडा मात्र त्याच्यापासून फार लांब, दुसऱ्याच जनुकाच्या पोटात असतो. डीएनए दुमडला की तो तुकडा जनुकाजवळ येतो आणि जनुक करंगळीच्या बाजूला चालू होतं. तुकड्यातलं एखादं अक्षर बदललं, की अंगठ्याच्या बाजूलाही होतं आणि तिथं जादा अंगठा फुटतो. हे आईकडून उतरतं तसंच बापाकडूनही, कधी एखादी पिढी वगळून.

हे सांगायला मी यवतला गेले. ताईचे सासरे ओट्यावर एकटेच चहा पीत होते. बशी धरलेल्या दोन्ही अंगठ्यांच्या मुळाशी सारखेच व्रण होते. कडबाकुट्टीत हात गेला होता, असं ते सांगत.

"आबा, यंत्रात दोन्ही हात एकदम कसे गेले?"

त्यांनी बशी खाली ठेवली. "हळू बोल. तान्हा व्हतो तवाच आईनं काढून घेतलं. घरात कुणाला म्हायती न्हाई."

"मग ताईला का बोल?"

"सुनंला परवा घिऊन येतो. पर ह्ये बाहेर काढायचं न्हाई."

मी मान डोलावली. ताईचा संसार वाचवला, असं तेव्हा वाटलं.

ताई नांदायला गेली. आम्ही मोठं मन केलं, असं सासू गावभर सांगत राहिली. पुढं दौंडला भाचीचे अंगठे काढायचे ठरले. घरात आणखी कुणाला होतं का, असं डॉक्टरांनी विचारलं. ताईच खाली मान घालून म्हणाली, "माझ्याकडनंच आलंय." आबा भिंतीवरचं कॅलेंडर बघत होते. मीही गप्प राहिले.

आबा वारल्यावर मी ताईला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. तिचा हात थांबला नाही.

"तुला तवाच म्हायती व्हतं?"

"हो."

"मंग आता कशाला सांगतीस?"

त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतंच बोलते.