बोर्डावरचा मुलगा

मुलगा निवडणुकीला उभा राहणार हे आमच्या घरात सर्वांत शेवटी मला कळलं. त्याच्या आईला आठवडाभर आधी माहीत होतं. एका रविवारी दुपारी जेवताना तो म्हणाला, "बाबा, मी कम्युनिटी बोर्डासाठी स्टँड करतोय."

मी विचारलं, "आणि नोकरीचं काय?"

तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. ऑकलंडच्या माउंट वेलिंग्टन भागातल्या एका कंपनीत रस्त्यांची मोजमापं घेण्याच्या कामाला नुकताच लागला होता. "नोकरी चालूच राहील," तो म्हणाला. "महिन्यातून दोन-तीन संध्याकाळी मीटिंग असते, बस."

बोर्ड म्हणजे नगरपरिषदेच्या खालची पायरी. आमच्या भागातले फूटपाथ, बागा, भाड्याने द्यायचे हॉल, कुत्र्यांना कुठे मोकळं सोडायचं, असल्या गोष्टी तिथे ठरतात. तेव्हा मला यातलं काही माहीत नव्हतं. राजकारण म्हटलं की मला नाशिकची आमची गल्ली आठवे, निवडणुकीच्या दिवसांत संध्याकाळी जीपमधून येणारी माणसं आठवत आणि त्यांना पाहून खिडकी लावून घेणारे माझे वडील आठवत. मुलगा चार वर्षांचा असताना आम्ही न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला आलो ते शांतपणे राहायला. मी फार्मासिस्ट होतो, पण इथे पुन्हा परीक्षा द्यावी लागली. त्यात दोन वर्षं गेली. तोवर बायकोच्या नर्सच्या पगारावर घर चाललं. त्यानंतर न्यू लिनच्या एका औषधांच्या दुकानात मी लागलो तो कायमचाच. मान खाली घालून काम करायचं, कुणाच्या नजरेत यायचं नाही, हे माझं धोरण होतं. मुलगा नेमका उलटा निघाला.

खरं तर याची सुरुवात फार आधी झाली असावी. शाळेत असताना तो घरोघरी जाहिरातींची पत्रकं टाकायचा. पाच वर्षं त्याने ते काम केलं. कुठल्या घरात कुत्रा आहे, कुठला फूटपाथ झाडाच्या मुळांनी उचलला आहे, कुठे पाऊस पडला की रस्ता ओलांडता येत नाही, सगळं त्याला पाठ होतं. कॉलेजात गेल्यावर तो नगरपरिषदेला पत्रं लिहू लागला. उत्तरं येत नसत, म्हणून एकदा स्वतःच बोर्डाच्या मीटिंगला जाऊन बसला. "तिथे पब्लिकमध्ये मी एकटाच होतो, बाबा," तो मला नंतर म्हणाला. त्याला याचं नवल वाटलं होतं. मला नवल वाटलं ते तो गेला याचं.

ती पहिली निवडणूक आम्ही तिघांनी लढवली. मी नाराजीनेच, पण लढवली. त्याने फोटो छापलेले फलक करून आणले आणि लोकांच्या परवानगीने त्यांच्या कुंपणांवर ठोकले. हातोडा मी धरला, कारण त्याला खिळा सरळ मारता येत नव्हता. चौथ्या दिवशी एका फलकावर कुणीतरी काळ्या मार्करने लिहिलं, घरी जा. तो गाडीतून स्पिरिट आणि फडकं घेऊन उतरला. "पोलिसांत द्यायचं का?" मी विचारलं. "मार्कर आहे, निघतोय," तो म्हणाला आणि पुसत राहिला. मी गाडीत बसून होतो. काच वर करून घेतली होती.

रविवारी सकाळी आम्ही अवोन्डेलच्या बाजारात उभे राहायचो. तो पत्रकं वाटायचा, मी पिशवी धरायचो. तारोचे कंद विकणारी टोंगा बेटांवरची एक बाई त्याला दर वेळी म्हणायची, "तू फारच बारीक आहेस, तुला कोण मत देणार?" एका म्हाताऱ्याने त्याला विचारलं, तू मूळचा कुठला. तो म्हणाला, टायरच्या दुकानामागचा रस्ता. म्हातारा म्हणाला, तसं नाही, मूळचा. मुलगा म्हणाला, "भारतात जन्मलो. पण तुमच्या लेटरबॉक्समध्ये पाच वर्षं पत्रकं मी टाकली आहेत. तुमचं फाटक लाकडी आहे आणि ते नीट लागत नाही." म्हाताऱ्याने त्याच्याकडे नीट बघितलं आणि पत्रक घेतलं.

मुलगा थोड्या मतांनी हरला. मला वाटलं, चला, हौस फिटली. पण पुढची तीन वर्षं तो जवळजवळ प्रत्येक मीटिंगला प्रेक्षकांत जाऊन बसला आणि पुन्हा उभा राहिला.

एव्हाना आमच्या भागात मराठी माणसं बरीच झाली होती. डॉक्टर होते, नर्सेस होत्या, शिकायला येऊन इथेच राहिलेली मुलं होती. इथे मतपत्रिका पोस्टाने घरी येते आणि भरून पोस्टानेच पाठवायची असते. नागरिकत्व नसलं, नुसती रेसिडेन्सी असली तरी मत देता येतं, हे निम्म्या लोकांना ठाऊकच नव्हतं. मतपत्रिकांची पाकिटं फ्रिजवर मॅग्नेटखाली तशीच लटकत असत. बायकोने हॉस्पिटलातल्या प्रत्येक मराठी नर्सला गाठून सांगितलं, आज घरी गेल्यावर ते पाकीट उघड. या वेळी तो निवडून आला. शनिवारी दुपारी बायकोचा दुकानात फोन आला तेव्हा मी एका बाईंना खोकल्याचं औषध कसं घ्यायचं ते सांगत होतो. फोन ठेवून मी तेच पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. त्या म्हणाल्या, "हे तू आत्ताच सांगितलंस."

आमच्या मराठी मंडळाने त्याचा सत्कार केला, शाल आणि नारळ देऊन. मंडळाचे अध्यक्ष डॉक्टर होते, बोलायला चांगले. ते म्हणाले, "आता आपला माणूस आत आहे." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी मंडळाचा सेक्रेटरी होतो. सगळ्यांत जोरात मी वाजवल्या. मुलाने मराठीत दोन वाक्यं बोलून बाकीचं भाषण इंग्रजीत केलं. नारळ कसा धरायचा ते न कळल्यामुळे तो त्याने शेवटपर्यंत दोन्ही हातांत धरून ठेवला होता.

पहिली दोन वर्षं बरी गेली. वाचनालयासमोर रस्ता ओलांडायला पट्टे आले, बागेतला तुटका झोपाळा बदलला. दुकानात गिऱ्हाइकं मला विचारू लागली, तो बोर्डावरचा तुझा मुलगा का? मी हो म्हणायचो आणि चेहरा साधा ठेवायचा प्रयत्न करायचो.

मग हॉलचं प्रकरण आलं. आमच्या भागात नगरपरिषदेचा एक हॉल होता. त्याची शनिवारची नेहमीची वेळ रिकामी झाली, दुपारपासून रात्रीपर्यंतची. आम्हाला ती हवी होती. दुपारी मुलांचा मराठी वर्ग, मग नाटकाच्या तालमी, सणवार. तोवर आम्ही कुणाच्या गॅरेजमध्ये नाहीतर शाळेच्या वर्गात भागवत होतो. तीच वेळ वयस्कर लोकांच्या एका क्लबलाही हवी होती. जमिनीवर लांब पट्ट्या अंथरून त्यावर चेंडू घरंगळवण्याचा खेळ ते खेळत. त्यांच्या जुन्या हॉलचं छत गळायला लागलं होतं. दोन्ही अर्ज बोर्डापुढे यायचे होते. आमच्या अर्जावर सेक्रेटरी म्हणून माझी सही होती.

अर्ज दिला त्या दिवशी जेवताना मी मुलाला म्हणालो, "शनिवारच्या हॉलचं बघशील ना?"

"बाबा, आय कान्ट टॉक अबाउट दॅट."

"बोलू नकोस. नुसतं बघ म्हटलं."

त्याने आईकडे पाहिलं. ती भात वाढत होती. तो हळू आवाजात म्हणाला, "तुझी सही आहे त्याच्यावर. मला बाहेर व्हावं लागेल." मला वाटलं, बाहेर व्हायचं म्हणजे चर्चेत बोलायचं नाही. मतदान तर करेल. मी तसंच अध्यक्षांना सांगितलं.

मीटिंगला आम्ही सहा जण गेलो, इस्त्रीचे कपडे घालून. अध्यक्षांनी आमची बाजू छान मांडली. क्लबतर्फे काठी घेतलेले एक गृहस्थ उठले. "किया ओरा" अशा माओरी नमस्काराने सुरुवात केली आणि चार वाक्यं बोलून बसले. ते म्हणाले, आमच्यातल्या बऱ्याच जणांची आठवड्यातून घराबाहेर पडायची ही एकच वेळ असते. मग चर्चेला सुरुवात झाली, आणि मुलाने माइक पुढे ओढला. "माझे वडील एका अर्जदार संस्थेचे सेक्रेटरी आहेत. मी या विषयातून बाजूला होतो." तो खुर्ची मागे सारून उठला, टेबलाला वळसा घालून प्रेक्षकांच्या खुर्च्यांकडे आला आणि आमच्या मागच्या ओळीत बसला.

बोर्डावर पाच जण होते. राहिले चार. दोन मतं आम्हाला पडली, दोन क्लबला. मग बरोबरी सोडवायला बोर्डाच्या अध्यक्षबाईंनी आपलं जादा, निर्णायक मत क्लबला दिलं. आम्हाला रविवारची सकाळ देऊ केली. हिशेब करायला कुणालाच वेळ लागला नाही. तो जागेवर असता तर हॉल आमचा होता.

पार्किंगमध्ये डॉक्टर मला म्हणाले, "तुमचा मुलगा आत असून हे झालं. नसता तर निदान वाईट तरी वाटलं नसतं." मुलगा शेवटच्या विषयापर्यंत थांबणार होता. मी त्याच्यासाठी थांबलो नाही. गाडी घेऊन घरी आलो. तो बसने आला.

त्यानंतर तीन आठवडे मी त्याच्याशी कामापुरतंच बोललो. मीठ दे, गाडीची किल्ली कुठे आहे, एवढंच. तोही स्पष्टीकरण द्यायला आला नाही, आणि त्याचाच मला जास्त राग होता. मी मंडळाच्या सेक्रेटरीपदाचा राजीनामा दिला. म्हणालो, कामाचा ताण आहे.

एकदा शनिवारी सकाळी बायको ड्यूटीवरून आली आणि बूट काढता काढता म्हणाली, "गेल्या वर्षी डॉक्टरांचे मेव्हणे तुमच्या दुकानात आले होते. झोपेच्या गोळ्या मागायला. आठवतंय?"

आठवत होतं. त्यांच्याकडे प्रिस्क्रिप्शन नव्हतं. भारतातून आले होते, गोळ्या संपल्या होत्या, डॉक्टरांच्या ओळखीने आले होते. मी दिल्या नव्हत्या. ते दुकानात उभ्या उभ्या मला बरंच बोलले होते.

"तुम्ही घरी येऊन काय म्हणाला होतात? ओळख आहे म्हणून तर मुळीच देणार नाही." ती एवढंच बोलली आणि झोपायला आत गेली.

मी ओट्यावरची भांडी विसळायला घेतली. मी दिल्या नव्हत्या कारण फार्मासिस्ट म्हणून माझ्या नावाची पाटी दुकानाच्या भिंतीवर होती आणि ती मिळवायला मला दोन वर्षं लागली होती. मुलाला तीन वर्षं प्रेक्षकांत बसावं लागलं होतं. हे मला कळत नव्हतं असं नाही. पण त्या दिवशी इस्त्रीचे कपडे घालून मी गेलो होतो तो मुलगा आपल्यासाठी नियम वाकवेल या भरवशावर, आणि हे स्वतःशी कबूल करायला मला तीन आठवडे लागले होते.

मुलगा गॅरेजमध्ये सायकलची चेन पुसत होता. मी जाऊन म्हणालो, "त्या दिवशी तुला न्यायला थांबायला हवं होतं मी."

तो म्हणाला, "इट्स ओके. बस लगेच आली." मग हातातलं फडकं ठेवून, अडखळत का होईना, मराठीत म्हणाला, "मला पण तो हॉल हवा होता, बाबा. मी पण तिथेच मराठी शिकलो असतो."

त्याच्या लहानपणी असा वर्गच नव्हता. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

पुढच्या निवडणुकीत मंडळाने त्याच्यासाठी काही केलं नाही. विरोधही केला नाही, नुसतं गप्प राहिलं. म्हणून मी स्वतः दारोदार फिरलो. आयुष्यात पहिल्यांदा अनोळखी दारांवरच्या बेल वाजवल्या. मराठी घरांतही गेलो. पाकीट उघडलंत का, एवढंच विचारायचो. डॉक्टरांच्या घरीही गेलो. त्यांनी आत बोलावलं, चहा दिला. म्हणाले, "मत मी देईन. पण तेव्हा त्याचं चुकलं, असं मला अजून वाटतं." मी म्हणालो, "वाटू द्या." दोघांनी चहा संपवला. मंडळ तोवर रविवारच्या सकाळीच त्या हॉलमध्ये भरायला लागलं होतं. गर्दी कमी असायची, पण मुलांचा वर्ग टिकला.

पाच जागांपैकी शेवटची जागा त्याला मिळाली. त्या काठीवाल्या गृहस्थांनी क्लबमधल्या प्रत्येकाला त्याचं नाव सांगितलं होतं, असं नंतर कुणीतरी म्हणालं. खरंखोटं मला माहीत नाही.

ती टर्म चालू असतानाच ठरलं की शहरातल्या सगळ्या नगरपरिषदा मोडून एकच मोठी करायची. छोटी बोर्डं जाणार होती, त्यांच्या जागी मोठी येणार होती. लोकांनी त्याला विचारलं, आता मोठ्या जागेसाठी उभा राहणार का. एका पक्षाची माणसं घरीही येऊन गेली. बायकोने त्यांना चिवडा दिला. त्याने आठवडाभर विचार केला आणि नाही म्हणून कळवलं. तोवर त्याचं लग्न ठरलं होतं, कंपनीत जबाबदारी वाढली होती. "मला आमच्याच रस्त्यांची माहिती आहे," तो मला म्हणाला. "बाकी शहर मला तेवढं नाही माहीत." मला थोडं वाईट वाटलं. पहिल्या निवडणुकीत नाराजीने हातोडा धरणारा माणूस आता म्हणत होता, अजून एकदा बघ की. त्याने नकारार्थी मान हलवली.

ते ठरल्यावर मी पुन्हा एकदा मीटिंगला गेलो, कुणालाही न सांगता. प्रेक्षकांत मी आणि एक तरुण मुलगी, दोघंच होतो. विषय होता नदीकाठच्या वाटेवर कुत्रे मोकळे सोडू द्यायचे की नाही. मुलगा चार-पाच मिनिटं बोलला. सकाळी आठच्या आधी सोडू द्या, शाळेच्या वेळेत नको, पुलाजवळ पाटी लावा, कारण वळणावर सायकलवाल्यांना कुत्रे दिसत नाहीत. त्याला मी आलेला दिसलो होतो, पण बोलताना त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. ठराव मंजूर झाला. शेजारच्या मुलीने वहीत काहीतरी टिपून घेतलं आणि मला विचारलं, "तुमच्याकडे कुत्रा आहे का?"

"नाही," मी म्हणालो. "माझा मुलगा आहे, तो उजवीकडचा."