बुवांचं नमन

नुसती सुरुवात करण्यात अख्खं आयुष्य घालवलेला माणूस मी एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या वाट्याला आला. आमच्या कंपनीच्या लोकगीत मंडळाचे हे बुवा. ते तुणतुणं घेऊन पुढे उभे राहायचे आणि मी पेटी घेऊन त्यांच्या शेजारी बसायचो. माझ्या सोशिकपणाची कल्पना एवढ्यावरून यावी. बस चुकली एवढंच सांगायचं असलं तरी बुवा ड्रायव्हरच्या सासुरवाडीपासून निघायचे, आणि बस भोसरीच्या नाक्यापर्यंत येते न येते तोच जेवणाची सुट्टी संपल्याचा भोंगा व्हायचा. उशिरा आल्याचं कारण फोरमनने त्यांना एकदाच विचारलं. नंतर बुवा कितीही उशिरा आले तरी फोरमन दुसरीकडे बघायचा. मी टाइम ऑफिसात कारकून, त्यामुळे त्यांच्या रजेचे अर्ज लिहिणं माझ्याकडे. ते सांगायचे, मी लिहायचो, आणि कागदाच्या दोन्ही बाजू भरल्या तरी रजा कशासाठी हवी ते यायचं राहिलेलंच असायचं. त्यात प्रेस शॉपमध्ये वर्षानुवर्षं काम केल्यामुळे मशीनच्या धडधडीवर आवाज चढवून बोलायची त्यांना सवय. माझ्या कानात सांगितलेलं गुपित गेटवरच्या वॉचमनला आधी कळायचं.

पण हे सगळं परवडलं, नमन नको, अशी आमची अवस्था होती. लोकगीतांच्या कार्यक्रमात आधी नमन करायची पद्धत आहे. गणपती, सरस्वती, गुरू, चार ओळी, की लागले गाण्याला. बुवांचं नमन गावांना असायचं. मंडळात आम्ही सगळे बाहेरून पोटासाठी आलेले. कुणी बीडकडचा, कुणी लातूरचा, कुणी कोकणातला. कंपनीत नवा माणूस लागला की बुवा कँटीनमध्ये चहाचा ग्लास घेऊन त्याच्यासमोर जाऊन बसायचे आणि विचारायचे, "गाव कंचं? गावात काय हाय?" पुढच्या कार्यक्रमाला ते गाव नमनात आलेलं असायचं. काही लोक तर गाणं-बजावणं काही येत नसताना केवळ एवढ्यासाठी मंडळात शिरले. कंपनी सोडून गेलेल्यांची गावंसुद्धा गाळायची नाहीत. मी एकदा सुचवून पाहिलं, तर म्हणाले, "मानूस गेला कविराज, गाव कुटं गेलंय?" ते मला कविराज म्हणायचे. मी गाणी लिहायचो एवढाच त्याला आधार होता, कारण ती गायला नमनानंतर वेळ कधी उरलाच नाही.

कॉलनीच्या गणेशोत्सवात आमचं नमन सुरू झालं की बायका निवांत घरी जाऊन भाकऱ्या टाकून परत यायच्या. एका वर्षी सेकंड शिफ्टचे लोक सुटून आले आणि कार्यक्रम वेळेवर गाठला म्हणून खूश होऊन पुढे जाऊन बसले. नमन तेव्हा कुठे सातारा जिल्हा ओलांडत होतं. ढोलकीवाला कांबळे मंडळात आला तेव्हा मला जरा आशा वाटली होती. त्याने आल्याआल्या बजावलं होतं, "बुवा, आम्ही बौद्ध. आम्ही देवाबिवाला नमन करत नाही, आधीच सांगतो." बुवा म्हणाले, "नगा करू. गावात दुसरं काय हाय?" कांबळे विचारात पडला. म्हणाला, "शाळेपुढं लिंबाचं झाड आहे. आज्यानं लावलेलं." "मंग झालं की!" बुवा म्हणाले, आणि पुढच्या कार्यक्रमापासून त्या लिंबाला, त्याच्या सावलीला आणि आज्याच्या हाताला नमन सुरू झालं. एका बॉयलरवाल्याने वैतागून सांगितलं की आमच्या गावात काही म्हणजे काही नाही, प्यायला पाणीसुद्धा नाही. बुवांनी त्या बिनपाण्याच्या गावाला नमन केलं, तेही दोनदा.

अशा मंडळाला रेडिओचं बोलावणं आलं. कामगारांसाठी संध्याकाळी एक कार्यक्रम लागायचा, त्यात निरनिराळ्या कारखान्यांतली मंडळं स्टुडिओत जाऊन थेट गायची. आधी ध्वनिमुद्रण वगैरे काही नाही. इकडे गायलं की तिकडे ऐकू आलं. आम्हाला दहा मिनिटं मिळाली आणि माझं एक गाणं निवडलं गेलं. भल्या पहाटे नवऱ्याला पहिल्या शिफ्टला पाठवणाऱ्या बाईचं गाणं होतं ते, 'भोंगा झाला, चूल पेटली, उठा की हो धनी'. माझं सगळं मन त्या गाण्यात अडकलं होतं. कारण आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील. मुलगा शहरात जाऊन गाणी लिहितो याचा त्यांना मनस्वी संताप होता. माझी एक ओळ त्यांनी कधी ऐकून घेतली नव्हती. आता ती रेडिओवर लागणार म्हटल्यावर करतात काय? चावडीवरच्या रेडिओपुढे गाव बसणार, त्यात त्यांनाही बसावं लागणार, आणि गाणं संपेपर्यंत उठून जाता येणार नाही, असा माझा बेत होता.

रेडिओवरच्या बाई स्वभावाने गोड आणि घड्याळाला फार कडक. त्यांनी आवाजाची चाचणी घेतानाच ओळखलं. "बुवा, नमन दोनच ओळी. मग लगेच गाणं." बुवा म्हणाले, "व्हय बाई, दोन वळीच." मी घरी बसून त्या दोन ओळी घासूनपुसून तयार केल्या, त्यात 'सकळ गावांना नमन' असं आटोपशीर घातलं. तालमीत बुवा तिथेच अडले. "सकळ म्हंजी कोन? सकळ नावाचं गाव हाय का कुटं?"

"अहो, सकळ म्हणजे सगळी. सगळी गावं आली त्यात."

"सगळी म्हनलं की कुनाचंच न्हाई, कविराज." पंधरवडाभर मी समजावलं, रागावलो, त्यांच्या दिघीच्या खोलीवर जाऊन हात जोडले. शेवटी मुलाच्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी शब्द दिला. मुलगा शेजाऱ्यांचा होता, हे मला नंतर कळलं.

ठरल्या दिवशी आम्ही बसने पुण्याला गेलो. स्टुडिओच्या दारात बुवांनी चपला काढून उंबऱ्याला हात लावला, मग मायक्रोफोनच्या पाया पडले. काचेपलीकडे बाई बसल्या. लाल दिवा लागला. बुवांनी माझ्या दोन ओळी सकळसकट, सुरात आणि चोख म्हटल्या. मला भरून आलं. मी पेटीवर गाण्याचा सूर धरला, आणि बुवांनी डोळे मिटले. बुवांनी डोळे मिटले की काय होतं हे मला माहीत होतं. निघाले! आधी लातूर, मग बीड. मग माझं गाव, शेलगाव. शेलगावचा मारुती, शेलगावचा ओढा आणि त्या ओढ्यावरचा पूल. पूल तिथे नव्हताच, पण यमकाला लागत होता. बाईंनी काचेआडून बोट फिरवलं, मग दोन्ही हातांची फुली केली, मग डोकं धरलं. मी गुडघ्याने बुवांना ढोसत होतो. कांबळ्याने ढोलकी थांबवली असती तर सगळं थांबलं असतं, म्हणून मी त्याच्याकडे डोळे वटारले; पण त्याचा लिंब अजून यायचा होता, तो कसला थांबतोय! असा रंगून त्याने कधी वाजवलं नसेल. बिनपाण्याचं गाव झालं. बुवांनी डोळे उघडले, दम घेतला, छाती भरून पुढच्या ओळीसाठी तोंड उघडलं, आणि लाल दिवा विझला. निवेदकाने जाहीर केलं, "आपण लोकगीत ऐकलंत. गीतरचना..." आणि माझं नाव, वडिलांच्या नावासकट, खणखणीत आवाजात घेतलं.

परतीच्या बसमध्ये मी बुवांशी बोललो नाही. आश्चर्य म्हणजे तेही बोलले नाहीत. खिडकीपाशी बसून दापोडीपासून पुढचे कारखान्यांचे दिवे बघत राहिले. मला वाटलं, माझं गाणं बुडवल्याची लाज वाटत असेल. उतरताना एवढंच म्हणाले, "थोडक्यात ऱ्हायलं." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यानंतर त्या बाईंनी आम्हाला बोलावलं नाही, त्यात त्यांची काहीच चूक नव्हती.

दिवाळीला गावी गेलो तो मान खाली घालून. अण्णा ओसरीवर बसले होते. म्हणाले, "ऐकलं आम्ही. सगळं गाव होतं." मी पिशवी खाली ठेवली. "ते पुलाचं घातलंस ते बरं केलंस. आता तालुक्याला सांगता येतं, रेडिओवर आहे आमचा पूल, गावात का नाही?" आणि त्यांनी मला जवळ बसवून घेतलं, माझं लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. ते नमन माझं नव्हे, असं सांगायला मी तोंड उघडलं होतं, पण एवढ्यात आईने चहा आणला.

बुवा मागच्या वर्षी गेले. कँटीनमध्ये शोकसभा झाली. भाषणं कुणाला करता येईनात, म्हणून कांबळ्याने ढोलकी ओढली आणि आम्ही नमन म्हटलं. ज्याने त्याने आपापलं गाव म्हणायचं, असं आपोआप ठरत गेलं. गावं संपली. आता बुवांचं गाव घ्यायचं म्हणून सगळे माझ्याकडे बघायला लागले, आणि मला काही आठवेना. इतकी वर्षं मी ते नमन ऐकलं, शिव्या घातल्या, मला ते पाठ होतं. त्यात बुवांचं गाव कुठेच नव्हतं. मी त्यांच्या घरच्यांना विचारलं. बुवांच्या पत्नी भिंतीशी टेकून बसल्या होत्या. म्हणाल्या, "हाय की. शेवटाला हाय. पावन्यांचं झाल्याबिगर घरच्यांनी कसं बसायचं पंगतीला? ते म्हनायचे, आदी तुमच्या समद्यांचं, मंग आपल्या वस्तीचं. पर तितवर कंदी येळच ऱ्हायला न्हाई."

"कुठली वस्ती?"

"आता कुटं हाय ती. कंपनीला जागा घेतली तवा उटली. तुमचं प्रेस शॉप हाय ना, तितं होतो आमी."

मी विचारलं, ती ओळ काय होती. त्यांना येत नव्हती. "घरात कशाला म्हनतील?" त्या म्हणाल्या. "ती मानसांत म्हनायची वळ."

मला त्या माणसाचा अजून राग येतो. दहा मिनिटं मिळाली होती, सगळा मुलूख ऐकत होता, एका ओळीला असा कितीसा वेळ लागतो! सगळ्यांच्या आधीच म्हणून टाकायची होती. मी पेटी थोडा वेळ नुसती धरून ठेवली असती, त्यात माझं काय जात होतं? माझं गाणं राहिलं त्याचं काही नाही. ते मी पुढे दुसऱ्या एका मंडळाकडून गाऊन घेतलं, ठीकच झालं. ती ओळ मात्र दुसऱ्या कुणालाच येत नाही.