ईशान्येकडचा ढाळ

मी करून घेतलेल्या नालीचा ढाळ अगदी अचूक होता, हे आधीच सांगून ठेवतो. पाण्याला जिकडे जायला सांगितलं होतं, तिकडेच ते गेलं. पुढे जे झालं त्यात नालीचा काही दोष नाही!

जबलपूरला रांझीत आमचं छोटंसं घर आहे. इथल्याच फॅक्टरीत, तपासणी खात्यात माझी उभी नोकरी झाली. तोफेची नळी असो की साधा नट, चाचणी घेतल्याशिवाय पास करायचा नाही, हा आमचा धर्म. (घरात नवी बादली आली तरी मी आधी काठोकाठ भरून ठेवतो आणि गळते का ते बघतो. माझी बायको सुलभा, हिनं यावर बोलणं केव्हाच सोडलं.)

त्या साली नागपूरच्या मोठ्या वहिनींनी घराण्याच्या महालक्ष्म्या आमच्याकडे द्यायचं ठरवलं. त्यांचे गुडघे थकले होते. फोनवर म्हणाल्या, "सुलभा, यंदा तुझ्याकडे बसवू. मी येतेच पाहायला. पण काही उणं पडलं, तर मुखवटे पिशवीत घालून परत नेईन हो!" सुलभेनं फोन ठेवला आणि रडलीच. लग्न झाल्यापासून दरवर्षी नागपूरला जाऊन वहिनींच्या हाताखाली पुरण वाटलं होतं बाईनं. आता कुठं पूजा तिच्या हातची होणार होती.

डोळे पुसल्यावर तिची नजर हॉलच्या भिंतीवर गेली. भिंतीच्या बुडाशी बाहेरून जी नाली होती, ती फुटली होती. पाणी जोत्यात मुरून मुरून प्लास्टर फुगलं होतं, पोपडे निघत होते.

"अहो, या भिंतीसमोर महालक्ष्म्या कशा बसवू?"

"तू फक्त पुरणाचं बघ. नालीचं मी पाहतो."

"तेच तर भेव वाटून राहिलं मला!"

रामदीन मिस्त्री आला. त्याच्याजवळ सगळ्या प्रश्नांना एकच उत्तर: "हो जाएगा, बाबूजी." कुजकं प्लास्टर उतरलं, नवी नाली घालायला सुरुवात झाली, सगळं उत्तम चाललं होतं. तेवढ्यात मी मोबाइलवर एका वास्तुवाल्याचं भाषण ऐकलं. घराचं पाणी म्हणे ईशान्येकडेच जायला पाहिजे. आणि आमची नाली नैर्ऋत्येला, रस्त्याकडे जाऊन राहिली होती! माझ्या अंगावर काटाच आला. ऐन महालक्ष्म्यांच्या तोंडावर मी स्वतःच्या पैशानं लक्ष्मी घराबाहेर काढायची वाट बांधत होतो!

"रामदीन, ढाल उलटी करो!"

"हो जाएगा, बाबूजी."

"अहो, पण ईशान्येला रस्ता कुठं आहे?" सुलभा म्हणाली. "तिकडं आपला हॉल, आणि त्याच्यामागं कंपाउंडची भिंत. पाणी जाईल कुठं?"

"तिथं शोषखड्डा करू. जमीन पिऊन घेईल."

आता, जबलपूरच्या माणसानं जमिनीबद्दल असं बोलावं? इथं गुलाबाचं कलम लावायला खणलं तरी खडक लागतो. गुडघाभर खणलं आणि रामदीनची कुदळ खणकन वाजली. मी विचारलं, "इतने में हो जाएगा?" तो काय म्हणाला, ते सांगायला नकोच.

पूजेचा दिवस आला. महालक्ष्म्या आदल्या दिवशीच बसल्या होत्या. पोटाच्या कोठ्यांत गहू भरलेला, अंगावर भरजरी साड्या, मागं नवी पांढरीशुभ्र भिंत, आणि दारापासून त्यांच्यापर्यंत कुंकवाची पावलं. वहिनींनी चष्मा पुसून पुसून सगळं पाहिलं आणि म्हणाल्या, "काही बोलायला जागा नाही ठेवली, सुलभा." सुलभा आनंदानं पोळ्यांची कणीक भिजवायला धावली.

मीही बोलायला नको होतं.

"वहिनी, नाली पाहिली?"

"भाऊजी, नाली काय पाहायची?"

काय पाहायची! मला ते फार लागलं. शिवाय त्या आठवड्यात पाऊस फिरकला नव्हता, म्हणजे नालीची चाचणी व्हायचीच होती! मी सोवळं सावरत गच्चीवर गेलो आणि टाकी धुवायच्या वेळी उघडतात ती खालची चावी सबंध फिरवली.

काय देखणं चाललं होतं पाणी! पन्हाळातून धबाधबा नालीत पडलं आणि भिंतीला न शिवता थेट ईशान्येला निघालं. मी वरून टाळ्या वाजवल्या. खड्डा भरला. मग पाणी खडकावरून माघारी फिरलं आणि नालीत वर चढू लागलं. तेव्हा मला आठवलं, की हॉल धुतल्यावर पाणी बाहेर काढायला त्याच कोपऱ्यात, फरशीलगत, भिंतीला एक भोक आहे.

खालून वहिनींची किंकाळी आली. "माय वो! सुलभा, देवीच्या मागून पाणी येऊन राहिलं!"

मी चावी बंद करायला गेलो, तर ती मोडून हातातच आली. (तिची चाचणी कधी घेतलीच नव्हती!) धावत खाली आलो. दाराकडची कुंकवाची पावलं विरघळून फरशी लाल झाली होती आणि पाणी गव्हाच्या कोठ्यांकडे सरकत होतं. बसलेल्या महालक्ष्म्या विसर्जनाआधी जागच्या हलवायच्या नसतात! सुलभा धावत आली.

"अहो, काहीतरी करा! नाही नाही, तुम्ही काही करू नका!"

पण मी ऐकतो थोडाच? मी सोवळ्यासकट भोकासमोर आडवा झालो.

"भाऊजी, आता काहून दंडवत घालून राहिले?"

"दंडवत नाही वहिनी, बांध घालतोय!"

सुलभेनं पदर खोचला. पोळ्यांसाठी भिजवलेल्या कणकेचा भला मोठा गोळा आणला, मला बाजूला लोटलं आणि तो भोकात ठोसून बसवला. पाणी थांबलं. कोठ्या वीतभर अंतरावर होत्या.

हुश्श म्हणतो तोच स्वयंपाकघरातला नळ खाकरला आणि कोरडा पडला. टाकी रिकामी! आणि दारात जेवायला बोलावलेल्या सवाष्णी उभ्या! त्यांचे पाय धुवायला तांब्याभर पाणी नाही, आणि हॉलमध्ये तळं. शेवटी त्या हॉलमधूनच चालत पाटावर गेल्या, तेवढ्यात पाय धुऊन झाले. वर मी वहिनींना विचारलं, "उद्या भेडाघाटचा धबधबा पाहायला जायचं ना?" त्यांनी हॉलमधल्या तळ्याकडे बोट केलं.

जेवणं उरकल्यावर त्यांनी सुलभेला जवळ बोलावलं. चालले मुखवटे पिशवीत!

"देवी हलल्या नाहीत, गहू भिजला नाही," वहिनी म्हणाल्या. "असल्या आकांतात डोकं ठिकाणावर ठेवलंस पोरी. महालक्ष्म्या आता कायमच्या तुझ्याकडे." सुलभेनं वाकून नमस्कार केला. मीही हात जोडले, तशा वहिनी माझ्याकडे वळल्या. "फक्त दरवर्षी हे तीन दिवस भाऊजी नागपूरला येऊन राहतील."

तेव्हापासून महालक्ष्म्या जबलपूरला बसतात आणि मी नागपूरला. बडदास्त उत्तम असते, पुरणपोळीवर तुपाची धार असते. फक्त माझी रिक्षा फाटकाशी थांबली, की वहिनी गच्चीच्या दाराला कुलूप घालतात. मी ते दोन्ही हातांनी ओढून पाहिलं आहे. पास!