डाव्या वळणावरची कळ

“डॉक्टर, गुरुवारी चार वाजेपर्यंत. फिट किंवा अनफिट. एका चौकोनात टिक, खाली सही. खलास.”

नबीलने फॉर्म माझ्या टेबलावर सरकवला. नबील हा आमच्या आइस हॉकी टीमचा मॅनेजर, मूळचा लेबनानचा. मी डॉक्टर नाही, फिजिओथेरपिस्ट आहे, हे मी त्याला दोन वर्षं सांगते आहे. त्याच्या लेखी पांढरा कोट दिसला की डॉक्टर. तो समोर उभा होता तो नुसत्या मोज्यांवर, कारण दुबईत, जुमेरा लेक टॉवर्समधल्या माझ्या क्लिनिकमध्ये बूट-चपला दाराबाहेर काढायच्या, हा नियम. मी डोंबिवलीत वाढले. ज्या मॅटवर लोक पाठ टेकतात तिथे बाहेरचे जोडे मला चालत नाहीत. भल्याभल्या सीईओंना मी बूट काढायला लावले आहेत आणि त्याचा मला अभिमानही होता.

फॉर्म होता मारेकचा. मारेक स्लोव्हाकियाचा, पस्तीस वर्षांचा, टीमचा पगारी डिफेन्समन. इथे मॉलच्या पलीकडे बर्फाचा रिंक आहे आणि त्यावर हॉकी खेळून काही लोक घर चालवतात, हे माझ्या पुण्याच्या नणंदेला अजून खरं वाटत नाही.

डिफेन्समन म्हणजे बचाव करणारा. समोरचा खेळाडू पक घेऊन सुसाट येतो. पक म्हणजे जाड रबरी चकती, त्यांचा चेंडूच म्हणा. डिफेन्समन त्याच्याकडे तोंड करून उलटा, मागे मागे स्केट करत जातो. समोरच्याने बाजू बदलली की गर्रकन वळायचं आणि त्याच्याबरोबर सरळ धावायचं. गोलवर मारलेला फटका मध्ये पाय घालून अडवायचा, हेसुद्धा त्याचंच काम.

मारेकला कळ यायची ती या वळण्यात. डाव्या जांघेत, आणि फक्त डावीकडे वळताना. तीन आठवडे मी उपचार करत होते. मॅटवर सगळ्या टेस्ट नॉर्मल. ताकद उत्तम, लवचीकता उत्तम, एमआरआयमध्ये किरकोळ सूज. माझ्या क्लिनिकमधून तो हसत जायचा आणि दुसऱ्या दिवशी बर्फावरून लंगडत यायचा.

“मी अनफिट लिहिलं तर?” मी नबीलला विचारलं.

“तर काँट्रॅक्ट बंद. चोवीस वर्षांचा नवा डिफेन्समन तयार आहे. व्हिसा क्लबचा आहे, तोही कॅन्सल. बायको, मुलगी, सगळे परत स्लोव्हाकियाला. हबीबी, मला आवडतं का हे? पण फॉर्मवर दोनच चौकोन आहेत.”

संध्याकाळी मारेक आला. नेहमीसारखी त्याची ती भलीमोठी किटबॅग कॉरिडॉरमध्ये. हॉकीच्या किटबॅगेचा वास ज्याने घेतलाय त्यालाच कळेल. बिल्डिंगच्या सिक्युरिटीने दोनदा तक्रार केली होती. मी त्याला फॉर्मबद्दल स्पष्ट सांगितलं. पेशंटपासून लपवाछपवी मला जमत नाही.

त्याने फॉर्म उचलून दोन्ही चौकोन पाहिले. मग म्हणाला, “अनफिट शिक्का लागलेला पस्तीस वर्षांचा डिफेन्समन कोणी घेत नाही. म्हणजे माझं करिअर गुरुवारी संपतंय. सोळा वर्षं खेळलो. थांबायला माझी हरकत नाही, पण ते मी ठरवायला हवं.”

मला वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त राग आला. मारेकचा नाही, माझा स्वतःचा. वीस वर्षांचा अनुभव म्हणून मिरवायचं आणि एका जांघेचं कोडं सुटू नये?

“उद्या प्रॅक्टिसला मी येते,” मी म्हटलं. “दुखतं तिथे बघते.”

टीमचं काम दोन वर्षं करत होते, पण रिंकवर मी फक्त एकदा गेले होते, तेही करार झाला त्या दिवशी फोटो काढायला. बुधवारी सकाळी शारजातल्या माझ्या घरून, अल मजाजहून ट्रॅफिक कापत पोचले ती कॉटनच्या कुडत्यावर. दारात युसुफभाई भेटले. ते पेशावरचे, टीमचं सगळं सामान सांभाळतात, स्केटच्या पात्यांना धार लावतात. त्यांनी मुकाट्याने एक जाडजूड जॅकेट पुढे केलं.

“पहनो मॅडम. इधर हर मेहमान जुकाम लेके जाता है.”

काचेमागे उभी राहून मी मोबाइलवर स्लो मोशन लावलं आणि मारेकला दहा वळणं उजवीकडे, दहा डावीकडे घ्यायला सांगितलं. उजवीकडची दहाही सुरेख. डावीकडे पहिल्याच वळणाला त्याचा चेहरा आवळला. व्हिडिओ पुन्हा पाहिला. डावा पाय टेकताक्षणी घोटा आतल्या बाजूला कलत होता. पूर्ण वजन त्या कललेल्या पायावर, आणि ते सावरायचा सगळा भार जांघेच्या स्नायूवर.

पण त्याचा घोटा तर मी तीन आठवडे तपासला होता. अनवाणी. भक्कम होता. मग कलतंय काय?

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि कान गरम झाले. ज्या स्केटवर हा माणूस पोट भरतो ते मी एकदाही पाहिले नव्हते. तीन आठवडे ते माझ्याच दाराबाहेर, बॅगेत पडून होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

“मारेक, स्केट काढ. दोन्ही.”

मी ते उलटे धरून टाचेकडून पात्याच्या रेषेत पाहिलं. उजवं पातं सोलच्या बरोबर मधोमध. डावं बाहेरच्या बाजूला सरकलेलं. अगदी थोडं, पण दिसत होतं.

“हे पातं बदललंय का?”

“महिन्यापूर्वी एक फटका अडवला,” मारेक म्हणाला. “पातं धरून ठेवतो तो प्लॅस्टिकचा भाग फुटला. युसुफने नवा लावला.”

“नंतर वेगळं वाटलं नाही?”

“वाटलं. पण पस्तिशीत रोज काहीतरी वेगळं वाटतं.”

युसुफभाईंनी स्केट हातात घेतला, उजेडाकडे धरला. त्यांचा चेहरा उतरला. “मेरे हाथ का काम है, मॅडम. पुराने छेद ढीले थे, रिवेट बाहर खिंच गया. मैंने धार देखी, लाइन नहीं देखी.”

“मैंने तो कुछ भी नहीं देखा, युसुफभाई. अभी ठीक हो सकता है?”

“एक घंटा दो.”

त्यांनी जुनी भोकं बुजवली, नवी पाडली, पट्टी लावून तीनदा मोजलं. मारेक पुन्हा बर्फावर उतरला. डावीकडे दहा वळणं. घोटा सरळ.

“दुखतंय?”

“दुखतंय. पण पाय ऐकतोय.”

सुजलेला स्नायू एका तासात बरा होत नाही. त्याला वेळ लागतो, आणि किती लागेल ते मला नेमकं ठाऊक होतं. तो खेळू शकेल याबद्दल त्या क्षणापासून मला तिळमात्र शंका नव्हती.

गुरुवारी तीन वाजताच फॉर्म घेऊन मी नबीलच्या ऑफिसात गेले. दोन्ही चौकोन रिकामे ठेवून खाली पेनाने तिसरा आखला होता: फिट, पहिले दहा दिवस निम्मा वेळ खेळ. सोबतच्या रिपोर्टची पहिली ओळ अशी: तीन आठवड्यांत मी पेशंटचे स्केट तपासले नाहीत, ही माझी चूक.

नबीलने ती ओळ दोनदा वाचली. “हे कशाला? युसुफ सकाळीच येऊन सांगून गेला की चूक त्याची. आता तुम्ही म्हणता तुमची. मालक विचारेल, ही बाई हवी कशाला?”

“विचारू देत. युसुफभाईंनी पातं बसवताना एकदा चूक केली. मी तीन आठवडे रोज केली.”

“आणि दहा दिवसांनी पुन्हा लंगडला तर?”

“तर आधी माझं काँट्रॅक्ट बंद करा, मग त्याचं.”

तो हसला. “डॉक्टर, यू आर वेरी डेंजरस.” आणि माझ्या सहीखाली त्यानेही सही केली.

मारेक पूर्ण सीझन खेळला. युसुफभाई अजून तिथेच आहेत. माझ्या क्लिनिकमध्ये बूट आजही बाहेरच काढतात, पण मग ते हातात घेऊन आत आणायचे आणि टेबलावरच्या पेपरवर ठेवायचे. आधी ते तपासते, मग पाय.

शेवटच्या मॅचनंतरच्या आठवड्यात मारेक आला, अपॉइंटमेंट न घेता.

“मी खेळणं सोडतोय,” तो म्हणाला. “काल क्लबला सांगितलं.”

मी दचकले. “पुन्हा दुखायला लागलं?”

“नाही. काहीच दुखत नाही. म्हणूनच आत्ता.”

माझ्याकडे नवीन मुली शिकायला येतात, त्यांना मी एवढंच सांगते. उपचार चुकला तर दुसरा करता येतो. सही चुकली तर पेशंट परत येत नाही, त्याचं विमान गेलेलं असतं.