पहिल्या मुलीचे सात गुण

आधीच सांगून ठेवतो, माझ्या आठवणीवर फार विसंबू नका. परवा मी स्वतःच्याच प्रबंधाचं नाव सांगताना अडलो. प्रबंध संख्याशास्त्रातला, विषय 'अंदाजातल्या चुका'. त्यामुळे चुकांचा मला शास्त्रशुद्ध धाक आहे! पुढच्या किश्श्यांतले तपशील इकडचे तिकडे झाले असतील. पेनाची एक गोष्ट तर मला खरी आठवत होती की मीच मनाची समजूत घातली होती, हेही बरीच वर्षं ठरवता आलं नव्हतं.

किस्से मुद्दाम कोणी जमवत नाही. ते बसल्या जागी साठतात आणि उठायला गेलं की पायात येतात. आमचे साठले आदिलाबादला, वानखेडे बाईंच्या पुढच्या खोलीत.

बाई शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या. मार्केट यार्डातला कापूस उठला की तिथल्या सिमेंटवर त्या मुलींना चाकांचं स्केटिंग शिकवायच्या. पुढे गुडघे गेले, तेव्हा त्यांनी मोठा टीव्ही घेतला आणि यूट्यूबवर बर्फावरचं स्केटिंग बघू लागल्या. संध्याकाळी सोबतीला आम्ही तिघं. खोब्रागडे गुरुजी, रिटायर्ड हेडमास्तर. राजेश्वरराव, रिटायर्ड गिर्दावर, म्हणजे शेतांच्या हद्दी मोजण्यात जन्म गेलेला माणूस. आणि मी.

वाद एकच. जगातली सगळ्यांत मोठी चॅम्पियन कोण? परदेशी नावं आमच्या जिभेवर बसेनात, म्हणून बाईंनीच तिघींचं बारसं केलं: ब्लॅक अँड व्हाइट आजी, सहावाली आणि चारवाली.

*

आजीच्या काळात उड्यांपेक्षा रेघांना मान होता. बर्फावर स्केटच्या धारेनं इंग्रजी आठाचा आकडा काढायचा, परत त्याच रेघेवरून जायचं. निम्म्याहून जास्त गुण त्यालाच! मुलगी बाजूला झाली की कोट घातलेले जज बर्फावर वाकून रेघ तपासायचे.

राजेश्वररावांच्या हातातलं बिस्किट चहात पडलं.

"अय्यो! हे जज कुठले? हे तर गिर्दावर आहेत! बांध सरकला का पाहून राह्यले!"

*

सहावालीच्या वेळी सहापैकी गुण असत. पडद्यावर सहा, सहा, सहा असे आकडे आले आणि गुरुजींनी टाळ्या वाजवल्या. मला गप्प बसवेना.

"गुरुजी, आकड्याला तशी किंमत नाही. प्रत्येक जजनं कितवा नंबर लावला तेवढंच धरत."

गुरुजींचा हात हवेतच थांबला. "म्हंजे एकानं सहा देले, दुसऱ्यानं पाच पॉइंट आठ देले, पण दोघाईनं पहिलाच नंबर लावला, तर दोनी सारखे?"

"सारखे."

"अन् हे तुमी कॉलेजात पोराईले शिकवत होते?"

"नाही."

"बरं झालं!"

*

चारवाली आजची. हवेत चार गिरक्या घेणारी शाळकरी पोर. आता प्रत्येक उडीचे वेगळे गुण. ती उतरताना धपकन पडली आणि तरीही न पडलेल्या मुलीच्या पुढे गेली.

गुरुजी उभेच राहिले. "पडली! साऱ्या दुनियेसमोर पडली! अन् काऊन पुढं गेली?"

"गिरक्या चार पुऱ्या झाल्या ना, गुर्जी. पडल्याचा गुण कापला की त्याईनं," बाई म्हणाल्या.

"पडली ते पडली!"

"तुमी बेज्जूरच्या शाळेत होते तवा सायकलवरून किती खेपा पडले? तरी आदर्श शिक्षक तुमीच झाले ना?"

गुरुजी खाली बसले.

*

मग मी एक मूर्खपणा केला. तिघींना एकाच मापानं मोजणारा तक्ता बनवला. तीन आठवडे खपलो. पहिल्या दिवशी आजी जिंकली. एक गृहीतक बदललं तर सहावाली. ते परत पुसलं, दुसरं धरलं, तर चारवाली!

राजेश्वररावांनी तक्ता उलटा धरून पाहिला. "डॉक्टरसाब, ही मिसल, ही फाइल, ज्या टेबलावर जाते, त्या टेबलाचा फैसला घेऊन येते."

बाई मात्र हसल्या नाहीत. "सर, आजी उघड्यावर खेळायची. वारा होता, बर्फ खडबडीत होता. ते कोणत्या रकान्यात लिवलं?"

रकानाच नव्हता.

*

एका संध्याकाळी एका व्हिडिओत समालोचक सहज बोलून गेला की जुन्या पद्धतीत सगळ्यांत आधी खेळणाऱ्या मुलीला जज हात राखून गुण देत. न जाणो, नंतर कोणी सरस आली तर वर जागा हवी!

"हा तर सरासर अन्याय!" राजेश्वरराव ओरडले.

"असा जज भेटला पाह्यजे मले," गुरुजी म्हणाले.

मी बशी खाली ठेवली. बाईंनी टीव्हीवरची नजर हलवली नाही.

असा जज गुरुजींच्या शेजारीच बसला होता.

*

फार वर्षांपूर्वी जिल्ह्याची निवड स्पर्धा मार्केट यार्डात झाली. राज्यासाठी एकच मुलगी जायची होती. तीन जजांत मी एक. स्केटिंगमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं, पण आयोजक म्हणाले, "डॉक्टर आहेत, जमते त्याईले!"

बाईंची सगळ्यांत तयार मुलगी सुनीता, तामसीकडची. चिठ्ठीत तिचा नंबर शेवटचा निघाला. ती टेबलापाशी आली. "सर, माही शेवटची बस चुकते. मले आधी घेता का?"

मी मोठ्या मनानं तिला पहिली घेतलं. स्वतःच्या चांगुलपणावर खूशही झालो.

ती फिरली तेव्हा चाकांचा आवाज येत नव्हता, एवढंच मला आठवतं. मी दहापैकी सात दिले. पेपर तपासताना जन्मभर हेच केलं होतं. पहिल्या पेपरला कधी हात सैल सोडायचा नाही. सुनीता बससाठी पळाली. उन्हं उतरेपर्यंत माझाही हात सैल होत गेला आणि शेवटच्या मुलीला मी नऊ दिले.

बाकी दोघांच्या कागदांवर सुनीता पहिली होती. बेरीज झाली आणि शेवटची मुलगी राज्याला गेली. सुनीतानं पुन्हा स्केट घातले नाहीत. बाईंनी मला त्याबद्दल कधी एक शब्द विचारला नाही. म्हणूनच मी त्यांच्याकडे रोज जायचो आणि रोज घाबरायचो.

मनात एकच आधार होता. कागद देण्याआधी तो सात खोडावा असं मला वाटलं होतं, मी पेन तिच्या नावापर्यंत नेलंही होतं. की हे मी नंतर रचलं? दुसरं कोणी पाहिलेलं नव्हतं. संख्याशास्त्रात एका साक्षीदाराला नमुना म्हणत नाहीत, त्यातून तो साक्षीदार मीच!

*

यंदा एका संध्याकाळी बाईंकडे गेलो तर एक अनोळखी बाई चहा गाळत होती. केस थोडे पिकलेले, पर्सला शाळेचं ओळखपत्र अडकवलेलं.

"ही सुनीता, सर," बाई म्हणाल्या.

टीव्हीवर चारवाली होती. जे तोंडाला आलं ते विचारलं. "त्या दिवशी बस मिळाली होती का गं?"

"नाही ना, सर. बस आलीच नाही त्या रोजी."

"मग?"

"मग काय, वापस यार्डात आली. तुमच्या खुर्चीमागं उभी होती." तिनं कप माझ्यापुढं ठेवला. "शेवटच्या पोरीले नऊ लिवले तुमी. मग कागद वर सरकवला, माह्या नावापाशी पेन नेलं. लई वेळ धरून ठेवलं होतं, सर."

"मग?"

"मग टोपण लावलं."