बंद दारामागचं गाणं

सीवूड्सच्या आमच्या सोसायटीत समोरच्या फ्लॅटमध्ये एक गृहस्थ एकटेच राहतात. लिफ्टमध्ये भेटले की चष्मा पुसत "बाकी काय, ठीक ना?" एवढंच विचारतात आणि उत्तर यायच्या आत मान डोलावतात. पण रोज संध्याकाळी ते पोचायच्या आधीच त्यांच्या घरात गाणं सुरू होतं. पहिल्यांदा मी दचकलेच. मग त्यांनीच सांगितलं, "गाण्यांच्या सगळ्या सीडी कॉम्प्युटरवर चढवल्यात, वहिनी. महाप्याच्या ऑफिसातून निघालो की मोबाइलवरूनच घरातले स्पीकर चालू करतो. दार उघडल्यावर घर गप्प नको."

गेल्या महिन्यात गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी ते वाशीला हॉस्पिटलात होते. एका संध्याकाळी त्यांचा फोन आला.

"वहिनी, जरा आमच्या दाराशी जाऊन बघता का, गाणं लागलंय का?"

मी दाराला कान लावला. आत सतार वाजत होती. "लागलंय की. पण तुम्ही तिथेच मोबाइलवर ऐका ना, तीच तर गाणी आहेत."

"मोबाइलवर गाणं ऐकू येतं हो," ते म्हणाले, "घर नाही ऐकू येत."

मी फोन त्यांच्या दाराला टेकवून धरला. लिफ्टमधून कोणी उतरलं, माझ्याकडे बघत निघून गेलं. मी तशीच उभी राहिले. सतार थांबल्यावर फोन कानाशी आणला. मग ते हळूच म्हणाले,

"थांबाल का जरा? आणखी एक लावतो."